बोरू, मोडी आणि पुणतांब्याचा एक कागद

गेले पाच-सहा महिने वीकांताला मी काय करतो असं कुणी विचारलं की उत्तर द्यायला जरा लाज वाटते. अठ्ठाविसाव्या वर्षी, अभियांत्रिकीची पदवी घेऊन, दिवसभर कोड लिहिणारा माणूस शनिवारी सकाळी दौत घेऊन बसतो आणि अ, आ, इ गिरवतो. तेही मोडीतलं. घरच्यांनी आधी चेष्टा केली, मग सवय झाली. शाईचे डाग मात्र अजून कुणाच्या सवयीचे झालेले नाहीत.

सुरुवात झाली पुणतांब्याहून. आमचं मूळ गाव. दौंड-मनमाड लोहमार्गावरचं, गोदावरीच्या काठचं. आता राहाता तालुक्यात आहे, पण १९९९ पर्यंत कोपरगाव तालुक्यात होतं, आणि जिल्हा नगरचा अहिल्यानगर झाला, त्यामुळे पत्ता विचारला की आमच्या घरात तीन पिढ्या तीन उत्तरं देतात. बहुतेकांना हे गाव १ जून २०१७ च्या शेतकरी संपामुळे ठाऊक असतं. त्याआधी ते फक्त चांगदेवांच्या समाधीसाठी ठाऊक असायचं.

चांगदेवांची गोष्ट सगळ्यांना येते, पण मला ती आता वेगळीच दिसते, म्हणून सांगतो. चौदाशे वर्षं तप केलेल्या ह्या योग्याला ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं. मायन्यालाच गाडी अडली. ज्ञानेश्वर वयानं लहान, म्हणून 'चिरंजीव' लिहावं, तर ज्ञानानं मोठे. 'तीर्थरूप' लिहावं, तर पोरगेलं वय. शेवटी कोराच कागद पाठवला. तो बघून मुक्ताबाई हसली, की एवढी वर्षं तप करून हा कोराच राहिला. त्याला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, ती चांगदेव पासष्टी. परंपरेप्रमाणे मोडीचा जनक मानला जाणारा हेमाडपंत हा ह्याच काळातला, देवगिरीच्या यादवांचा मंत्री. तेव्हा चांगदेवांनी पत्र कुठल्या लिपीत लिहिलं असतं हा प्रश्न चर्चेला घेता आला असता, पण कागद कोरा असल्यामुळे तो आपोआप सुटला आहे :-)

असो. आमच्या घरातला कागद कोरा नव्हता.

आजीच्या पेटीत एक कापडी पिशवी आहे. तिच्यात शाळेचे दाखले, सातबाराचे जुने उतारे, आणि तळाशी चौघडी घातलेला एक मुद्रांकाचा कागद. पूर्ण मोडीत. लहानपणापासून ऐकत आलो ते असं की पणजोबांची नदीकाठची तीन एकर जमीन एका सावकारानं गिळली. "लिहितावाचता येत नव्हतं मामंजींना. गहाण म्हणून सांगितलं आणि आंगठा घेतला," हे आजीचं वाक्य मला तोंडपाठ आहे. तिनं मामंजींना पाहिलेलं नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. हे सगळं तिला तिच्या सासूनं सांगितलेलं. त्या सावकाराचे नातू-पणतू अजून गावात आहेत. दोन घरांत लग्नाची पत्रिका जात नाही. ज्या कागदावरून हे सगळं, तो घरात कुणालाच वाचता येत नव्हता.

गेल्या दिवाळीत मी त्याचे फोटो काढले आणि पुण्याला घेऊन आलो. सरळ कुणा जाणकाराला दाखवायचा, हे शहाणपणाचं झालं असतं. पण सॉफ्टवेअरवाल्यांना एक खोड असते: दुसऱ्याचं लायब्ररी फंक्शन वापरण्याऐवजी आपलंच लिहायचं. म्हटलं, अक्षरं ती किती, पन्नास. दोन वीकांतात संपवू.

इथून माझ्या चुका सुरू होतात.

पहिली चूक फॉन्टची. मोडी युनिकोडमध्ये आली २०१४ साली, आवृत्ती ७.० मध्ये. एकूण ७९ संकेतांक. मी फॉन्ट उतरवून घेतला, अक्षरांचा तक्ता छापला, भिंतीवर लावला आणि फ्लॅशकार्डं करून पाठ केला. दहा दिवसांत तक्त्यातलं कुठलंही अक्षर ओळखायला लागलो. मग कागद समोर घेतला. पहिल्या ओळीतली चार अक्षरं लागली. त्यातली दोन 'श्री' होती, आणि ती बाळबोधीत होती.

कारण साधं आहे, पण मला ते कळायला दोन महिने लागले. बाळबोध, म्हणजे आपली नेहमीची देवनागरी, ही एकेक अक्षर सुटं उभं करायची लिपी आहे. मोडी ही हात न उचलण्याची लिपी आहे. लिहिणारा आधी कागदाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारून घेतो आणि मग अक्षरं त्या रेघेला लटकवत जातो. देवनागरीत काना वरून खाली येतो. मोडीत तो बहुधा खालून वळून वर रेघेपर्यंत जातो, कारण पुढचं अक्षर तिथूनच सुरू व्हायचं असतं. शब्दांत जागा सोडायची नाही. विरामचिन्हं नाहीत. वेलांटी एकच, उकार एकच, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळच नाही (शाळेत असतो तर ह्या एका गुणासाठी मी मोडीचा आजन्म भक्त झालो असतो). बाराखडीत अक्षराचं रूप शेजाऱ्याप्रमाणे बदलतं. 'र' तर इतकी सोंगं घेतो की त्याला ओळखायचं म्हणजे आधी मागचं-पुढचं ओळखावं लागतं. थोडक्यात, तक्त्यातलं अक्षर हा फक्त नमुना. कागदावर असते ती हाताची वाट.

ऑफिसातला एक मित्र चिनी भाषा आपली आपण शिकतोय. चौकोनांच्या वहीत तो रोज एकेक अक्षर काढतो. त्याला ही अडचण सांगितली तर तो हसायलाच लागला. त्याचंही तेच झालं होतं. अक्षरं ॲपवर ओळखून शिकला, दिसायला बरोबर काढायचा, पण रेघांचा क्रम मनाचा. मग एकदा हातानं भराभर लिहिलेली चिठ्ठी समोर आली आणि काहीच लागेना. चिनीत रेघा कुठल्या क्रमानं काढायच्या हे ठरलेलं असतं. घाईत लिहिताना रेघा एकमेकींना जोडल्या जातात त्या त्याच क्रमानं, आणि त्यांची जी जलद 'तृणलिपी' आहे तिच्यात तर दहा-बारा रेघांचं अक्षर दोन वळणांत उरकलेलं असतं. क्रम हाताला ठाऊक नसेल तर ते वळण म्हणजे नुसता शेवया. त्यांच्याकडे 'योंग' नावाचं एक अक्षर आहे, अर्थ 'चिरंतन'. त्यात मूळ आठही प्रकारचे फटकारे येतात म्हणून शतकानुशतकं सुलेखन शिकणारे तेच गिरवतात. मित्र म्हणाला, "तू वाचू नको. लिही." हे वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर दिवाळी ते संक्रांत वाचली असती.

आपल्याकडे हे माहीत नव्हतं असं मुळीच नाही. धूळपाटीवर बोटानं गिरवायचं, मग कित्ता, मग कागद, हा क्रम त्यासाठीच होता. रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेवर खर्च केला आहे. मी तो शाळेत असताना अध्यात्म म्हणून वगळला होता. वाचून पाहा, एखाद्या कंपनीच्या कोडिंग स्टँडर्डसारखा आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं. ओळी मोत्यांच्या सरासारख्या दिसाव्यात. काना, मात्रा, वेलांटी स्पष्ट असावी. ग्रंथाच्या आरंभी जसं अक्षर तसंच शेवटी असावं. तरुणपणी हौसेनं बारीक लिहू नये, म्हातारपणी ते दिसत नाही. तऱ्हेतऱ्हेचे बोरू जमवा हेसुद्धा सांगून ठेवलंय. अर्थात हे सगळं बाळबोधीबद्दल. पोथी टिकायची असते, तिचा वाचक पुढच्या शतकातला असतो. मोडी ही दफ्तराची, बाजाराची, जासूद दाराशी खोळंबलेला असताना लिहायची लिपी. एकाच माणसाला दोन्ही यायच्या आणि कुठे कुठली वापरायची ते त्याला बरोबर कळायचं.

मोडी आली कुठून ह्यावर भांडणं पुष्कळ. हेमाडपंतानं ती लंकेहून आणली अशी एक दंतकथा आहे, म्हणून तिला पिशाच्चलिपीही म्हणत. (माझ्या पहिल्या महिन्यातल्या वह्या बघितल्या तर ही व्युत्पत्ती पटते.) राजवाड्यांचं म्हणणं असं की फारसीत भराभर लिहायची जी 'शिकस्ता' पद्धत आहे, शिकस्ता म्हणजे मोडलेली, तिच्यावरून हे नाव आणि ही तऱ्हा आली. देवनागरी 'मोडून' झालेली म्हणून मोडी, असंही सांगितलं जातं. मूळ काहीही असो, यादवकाळापासून इंग्रजीपर्यंत तिची वळणं बदलत गेली. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचं अक्षर नावाजलेलं, आणि चिटणिशी वळण म्हणून एक घराणंच पुढे चाललं. पेशवाईत ती सगळ्यात देखणी झाली. पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले ह्या लिपीतले कोट्यवधी कागद आहेत. सरदेसायांनी १९३० ते १९३४ दरम्यान 'पेशवे दफ्तरा'चे ४५ खंड छापले, तोही त्यातला निवडक भाग. तंजावरला सरस्वती महालातही मोडी कागदांचा ढीग आहे, मराठी राजे तिकडे गेले तेव्हा लिपीही बरोबर गेली.

मग एवढी पसरलेली लिपी गेली कशी? छापखान्यामुळे. कॅरीनं श्रीरामपूरला (बंगालमधलं, आमच्या शेजारचं नव्हे!) मोडीचे खिळे पाडून १८१० साली मराठी कोश छापला होता. पण शिशाचा खिळा म्हणजे एक सुटं अक्षर, आणि मोडीचा जीव तर जोडण्यात. खिळ्यांत ती बसली नाही. छापील मराठी बाळबोधीत गेली, सरकारी कारभार विसाव्या शतकात हळूहळू तिकडेच वळला, आणि शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतूनही मोडी उठली. माझ्या फॉन्टच्या चुकीचं मूळ हेच. जे १८१० साली खिळ्यांत मावलं नाही ते मी भिंतीवरच्या तक्त्यात शोधत होतो.

तर मी लिहायला लागलो. बॉलपेन टाकला. बोरू दुकानातही मिळतो, पण मी गावी गेलो असताना नदीकाठून काड्या कापून आणल्या. घाटावर (अहिल्याबाईंनी बांधलेला तो) बसून चाकूनं टोक तासायचा प्रयत्न केला. पहिले सहा चिरफाळले. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी न बोलता चाकू काढून घेतला, तिरका छेद दिला, मध्ये बारीक चीर पाडली आणि परत दिला. "आम्ही शाळंत करायचो," एवढंच म्हणाले.

बोरूनं लिहायला लागल्यावर पहिल्याच दिवशी एक गोष्ट कळली जी फोटो झूम करकरून कळली नव्हती. बोरूत शाई थोडीच राहते. बुडवला की अक्षर गडद, मग फिकट होत जातं, पुन्हा गडद. म्हणजे जुन्या कागदावर गडद-फिकट बघत गेलं की लिहिणाऱ्यानं हात कुठे उचलला, कुठे थांबला, रेघ कुठून कुठे गेली हे दिसतं. मी फोटोच्या मोठ्या प्रती काढल्या, वर पातळ कागद ठेवला आणि गिरवत सुटलो, अर्थ न लावता. एकच ओळ वीस वेळा, तीस वेळा. साधारण दहाव्या-बाराव्या खेपेला हात त्या कारकुनाच्या वेगानं जायला लागायचा आणि मग अचानक तोंडातून शब्द बाहेर पडायचा. 'कारणे.' 'लिहून दिले ऐसे जे.' ओळखलं म्हणून नाही, हात तिथून गेला म्हणून.

आपला आपण शिकणाऱ्याला कान धरणारा कुणी नसतो, त्यामुळे ढोबळ चुकाही पुष्कळ दिवस टिकतात. मोडीत दोन उभ्या रेघा आकड्यापुढे आल्या तर त्या अर्धा दाखवतात, १॥ म्हणजे दीड. शब्दापुढे आल्या तर तो संक्षेप: रु॥ म्हणजे रुपये, मु॥ म्हणजे मुक्काम. सरळ ऑपरेटर ओव्हरलोडिंग. मी महिनाभर 'रु॥' म्हणजे अर्धा रुपया समजत होतो आणि पणजोबांनी अर्ध्या रुपयासाठी तीन एकर का दिली ह्यावर रागानं डोकं फोडत होतो. रक्कम तीनशेची होती.

कागद शके १८५६ चा, म्हणजे इसवी सन १९३४. खरेदीखत नव्हे, गहाणखतच. जागतिक मंदीनं शेतमालाचे भाव कोसळलेले ते दिवस. आमच्या ह्या भागात सावकाराच्या कागदाचा इतिहास जुना आहे. १२ मे १८७५ ला सुप्याला सुरू झालेले दख्खनचे दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले तेव्हा कुणब्यांनी सावकारांची दप्तरं बाहेर काढून खतं आणि रोखे जाळले. माणसं मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा भर होता ह्याचं इतिहासकारांना कौतुक वाटतं. मला आता असं वाटतं, की जे वाचता येत नाही त्याचं माणूस दुसरं करणार काय? पुढे १८७९ साली सरकारनं दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. कुणब्याचे रोखे सरकारी नोंदणीदारासमोर लिहिले जावेत अशी सोय त्यात होती, कारण कागदात काय आहे हे सही करणाऱ्याला ठाऊक नसतं हे सरकारनंही मान्य केलं होतं.

आजीची गोष्ट ह्या चौकटीत चपखल बसत होती. अडाणी कुणबी, लबाड सावकार, आंगठा.

मार्चमधल्या एका रविवारी मी शेवटच्या ओळींवर आलो. मुख्य मजकूर लिहिणारा कारकून सराईत होता, अक्षर पळतं, रेघ एका दमात मारलेली. साक्षीदारांची नावं खाली. एकाच्या नावापुढे निशाणी होती. पणजोबांच्या नावापुढे आंगठा नव्हता. कागदावर कुठेच आंगठा नव्हता. होतं ते त्यांचं नाव, आणि पुढे 'सही दस्तुर खुद्द'. म्हणजे स्वतःच्या हातची.

ते कारकुनानंच लिहिलं नसेल कशावरून? मलाही हीच शंका आली, म्हणून ती ओळही गिरवायला घेतली. आणि हात चालेना. रेघ आधी मारलेलीच नव्हती, प्रत्येक अक्षरावर वेगळी होती, चढउतार झालेली. अक्षरं सुटी सुटी, जाड. काना वरून खाली आलेला. एका 'र'पाशी शाईचा ठिपका, म्हणजे तिथे हात थांबला होता आणि पुढे कुठे जायचं ते आठवत होता. हे अक्षर मी ओळखत होतो. माझ्या नोव्हेंबरमधल्या वहीत पानंच्या पानं ह्याच अक्षराची आहेत. शाळेत गुरुजींनी हात धरून घटवलेलं ते नव्हे. कुठून तरी बघून, चित्रासारखं, आपलं आपण काढायला शिकलेल्या माणसाचं अक्षर होतं ते. वयाच्या तिशीच्या आसपास, शेती करून, हे त्यांनी कधी आणि कशाला शिकून घेतलं असेल देव जाणे.

आणि अक्षर येत होतं म्हणजे वर काय लिहिलंय हे वाचता येत होतं का? इथे मात्र मी माझ्यावरूनच सांगतो: नाव काढता येणं आणि कारकुनाची पळती मोडी वाचता येणं ह्यात चार महिन्यांचं अंतर आहे. ते त्यांनी कापलं होतं का, हे ती एक ओळ सांगत नाही. पण गहाण हा शब्द कागदात तीनदा आहे आणि कुणी फसवून खरेदी लिहून घेतली नव्हती एवढं नक्की. मागच्या बाजूला हप्ते पावल्याच्या दोन नोंदी आहेत. दोनशे रुपयांची तिसरी नोंद नाही. जमीन गेली ती बहुधा तिथे.

पाडव्याला गावी गेलो तेव्हा आजीला कागद वाचून दाखवला. मायन्यापासून शेवटपर्यंत, अडखळत. ती मध्ये काही बोलली नाही. सही आली तेव्हा चष्मा चढवून वाकली.

"हे त्यांचं?"

"हो."

तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, उजवीकडून डावीकडे, उलटं. मग म्हणाली, "मग आत्याबाई आंगठा का म्हणायच्या?"

मला उत्तर आलं नाही. आपल्या नवऱ्यानं समजून-उमजून सही केली हे सांगण्यापेक्षा त्याला फसवलं हे सांगणं सोपं गेलं असेल, असं मनात आलं, पण तोंडावर आणलं नाही. आजीनं कागद घडी घालून पिशवीत ठेवला. संध्याकाळी देवळातून येताना मात्र ती त्या दुसऱ्या घराच्या आळीनं आली. तो रस्ता ती एरवी घेत नाही. दारात त्यांची सून भांडी घासत होती. दोघी काय बोलल्या मला माहीत नाही, मी पुढे चालत होतो.

मागच्या बाजूची एक ओळ अजून लागलेली नाही. पाणी पडून शाई फुटली आहे. पुढच्या शनिवारी पुन्हा गिरवून बघतो.